गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट: हातची चव पुन्हा उभी कशी करायची

वर्षश्राद्ध जवळ आलं किंवा म्हाळाची तिथी आली की घरात एकदा तरी बोलणं निघतंच, "अण्णांना आवडायचा तसा रस्सा करूया." ठरतं, सामान येतं, दोघी-तिघी सकाळपासून राबतात, आणि पहिल्या घासाला सगळे गप्प होतात. रस्सा चांगला झालेला असतो, पण अण्णांच्या ताटातला तो नसतो.

अशा वेळी कृतीत काहीतरी राहिलं असं समजून लोक मसाले वाढवत बसतात. आमच्या मते पहिला संशय मसाल्यावर घेऊच नये. चव बदलते ती बहुतेकदा तेल, चटणी, भांडं, पाणी घालायची वेळ आणि ताटात खायची रीत या पाच ठिकाणी. ही पाच ठिकाणं एकेक करून तपासली की गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ बराच जवळ आणता येतो. इथे उदाहरणाला कोल्हापूरच्या घरची कांदा-लसूण चटणी (आमच्याकडे वर्षाच्या तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात) आणि मटणाचा तांबडा रस्सा घेतला आहे. पदार्थ दुसरा असला तरी पद्धत हीच.

खाणारा गेलाय की करणारा?

हे आधी ठरवा, कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत.

खाणारा गेला असेल तर करणारं माणूस बहुधा घरात आहे. कृती शोधायची नाही, त्यांची खायची रीत आठवायची आहे. भाकरी रश्श्यात कुस्करून खायचे की तोडून बुडवून? कांदा चिरलेला लागायचा की बुक्कीने फोडलेला? लिंबू कधी पिळायचे? आधी पांढरा रस्सा प्यायचे की भातावर घ्यायचे? नळी कुणाच्या वाटणीची होती? रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळचा शिळा रस्सा जास्त आवडायचा का? शेवटचं उत्तर "हो" असेल तर पदार्थ आदल्या दिवशीच करायला हवा. मुरलेल्या रश्श्याची चव ताज्याला येत नाही.

करणारी गेली असेल तर काम मोठं आहे, आणि पुढचा सगळा लेख मुख्यतः त्याच कामासाठी आहे.

एकावेळी एकच पदार्थ धरा. पूर्ण ताट उभं करायला गेलात तर एकही नीट जुळत नाही.

माहिती कुणाकडून आणि कशी काढायची

"आई रस्सा कसा करायची?" असं विचारलं की उत्तर येतं, "अंदाजानेच करायची." प्रश्न बारीक करा. मटण कोण आणायचं आणि कुठला भाग सांगायचं: सीना, मांडी, चाप? तेल डब्याचं होतं की घाण्यावरचं शेंगतेल? वाटण पाट्यावर की मिक्सरला? खोबरं विस्तवावर भाजायची की तव्यावर? पाणी गार घालायची की गरम? मीठ खडे की बारीक? असे प्रश्न विचारले की माणसाला हात डोळ्यांसमोर दिसतो आणि उत्तरं मिळतात.

जेवणाऱ्यांपेक्षा मदतीला असणाऱ्यांना जास्त माहीत असतं. जाऊबाई, आत्ती, शेजारच्या काकी, लसूण सोलायला बसवलेली नात यांना आधी विचारा. जिथे दरवर्षी चटणी कुटून घेतली जायची तो डंकवाला हमखास गाठा. वर्षानुवर्षं तेच गिऱ्हाईक असेल तर "तुमच्या घरची ब्याडगी जास्त असायची" एवढं तरी तो सांगतो, आणि तेवढं फार मोलाचं असतं. नेहमीच्या मटणवाल्याकडूनही असंच कळतं. काही घरांत पालव्याशिवाय, म्हणजे कोवळ्या बकऱ्याशिवाय, दुसरं मटण येतच नाही.

दुःख ताजं असताना जवळच्या माणसाला समोर बसवून वही-पेन काढू नका. लसूण सोलताना, भाजी निवडताना सहज विषय काढा. बोलणं तुटलं तर तुटू द्या. मोबाईलवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारून टिपा. पुढे तोच आवाज घरात राहतो.

भांडी मोजून घ्या

त्यांचं माप म्हणजे त्यांचीच वाटी, पळी, फुलपात्र आणि पातेलं. ही भांडी वाटणीत गेली असतील तर उसनी आणा. प्रत्येकात पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओता आणि मिलिलिटरमध्ये लिहा. आमटीची वाटी 120 मिलीची असते तशी 200 मिलीचीही असते, म्हणून "दोन वाट्या" एवढं लिहून काही कळत नाही.

मूठ आणि चिमूट मोजायला स्वयंपाकाचा वजनकाटा घ्या. गेलेल्या बाईची बहीण किंवा मुलगी साधारण तशाच हाताची असेल तर तिला पाच वेळा मूठ घालायला सांगा आणि सरासरी काढा. मिठाचं विशेष सांभाळा. त्याच चमच्यात खडे मीठ बारीक मिठापेक्षा कमी वजनाचं बसतं. जुना अंदाज खड्याचा असेल आणि तुम्ही बारीक घातलंत तर पदार्थ खारट होतो.

पातेल्याच्या तळाकडेही बघा. जाड बुडाच्या पितळी किंवा जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) टोपात वाटण सावकाश परततं. पातळ स्टीलमध्ये ते खाली लागतं, वरून कच्चं राहतं, आणि रश्श्याला कांद्याचा उग्र वास येतो.

बरणीच्या तळाशी उरलेली चटणी

त्यांनी केलेली चटणी बरणीत थोडी जरी शिल्लक असेल तरी ती वापरून संपवू नका. कोरड्या चमच्याने 50 ग्रॅम काढा, लहान काचेच्या बाटलीत दाबून भरा, झाकण घट्ट लावा, त्यावर तारीख घाला आणि बाटली फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ती चाखू नका. रंग आणि भरडपणा मात्र बघून लिहून ठेवा. नुसती खवट झाली असेल तर त्यावरूनही कळतं की खोबरं भरपूर होतं किंवा ते कमी भाजलं होतं.

नवी चटणी जुनीशी ताडून बघायची रीत अशी. दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक लहान चमचा चटणी, तिच्यावर दोन लहान चमचे कडकडीत नसलेलं गरम शेंगतेल, मग अर्धी वाटी गरम पाणी. पाच मिनिटं हलवू नका. नंतर आधी रंग बघा, मग वर आलेला तवंग, मग वास घ्या, आणि सर्वांत शेवटी भाकरीच्या तुकड्याने चव घ्या. एकाच माणसाने ठरवू नये. ज्यांनी ती चव वर्षानुवर्षं खाल्ली अशा दोघांना, कुठली वाटी कुठली ते न सांगता, चाखायला द्या.

नव्या चटणीचा तवंग फिकट आला तर ब्याडगी कमी आहे. घशाला जाळ पण चव पोकळ, तर लवंगी जास्त आणि संकेश्वरी कमी. मागून कडवटपणा आला तर मेथी जास्त, किंवा मिरची तळताना काळपटली. गोडसर लागत असेल तर कांदा किंवा खोबरं जास्त. लसणाचा वास पुढे पुढे येत असेल तर घाई करू नका, चटणी अजून मुरायची आहे. घरची चटणी फाल्गुन ते वैशाखात होते, म्हणजे म्हाळापर्यंत ती चार ते सहा महिन्यांची होऊन जाते. म्हाळातल्या स्वयंपाकाला नेहमी अशी मुरलेली चटणीच पडत आली. कालची कुटलेली तिथे घातली की चव उग्र लागणारच. किमान तीन आठवडे तरी तिला द्या.

पाव किलो मिरचीची चटणी

प्रयोगाला पाव किलोच घ्या. जुळली की मग वर्षाची करा.

देठ काढून वजन केलेली मिरची: ब्याडगी 150 ग्रॅम, संकेश्वरी जवारी (गावरान) 75 ग्रॅम, लवंगी 25 ग्रॅम. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. जवारीसाठी गडहिंग्लजचा बाजार नावाजलेला आहे, आणि कोल्हापूर शहरात लक्ष्मीपुरीत सगळं मिळतं. मिरची हातात घेऊन वाकवा. वाळलेली मिरची कडकन मोडते आणि आत बी खुळखुळतं.

बाकीचं सामान: कांदा 250 ग्रॅम, सोललेला लसूण 75, आलं 25, सुकं खोबरं 60, धणे 60, तीळ 25, जिरे 20, खसखस 10, हळकुंड 10, खडे मीठ 50 ग्रॅम. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, बाद्यान, मसाला वेलदोडा, शहाजिरे प्रत्येकी 3 ग्रॅम, तमालपत्र 2, नागकेशर आणि जायपत्री प्रत्येकी 1 ग्रॅम, मेथी 2 ग्रॅम, खडा हिंग 3 ग्रॅम. तेल साधारण 80 मिली.

मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. कांदा उभा पातळ चिरून ताटात पसरा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. तो मऊ लागत असेल तर अजून एक दिवस. चटणी बिघडते ती इथेच. कांद्यात ओल राहिली की महिन्या-दोन महिन्यांत बरणीच्या कडेने बुरशी धरते. वाळलेला कांदा थोड्या तेलात मंद आचेवर बदामी आणि कुरकुरीत होईपर्यंत तळा. काळा होऊ देऊ नका, त्याचा कडूपणा कशानेही जात नाही.

मग एकेक जिन्नस वेगवेगळा भाजा. खोबऱ्याचे काप गुलाबी होईपर्यंत. धणे थोड्या तेलात, वास सुटेपर्यंत. तीळ तडतडले की लगेच उतरा. खसखस नुसती गरम. खडा मसाला तेलाच्या थेंबभर ओलाव्यावर, दगडफूल शेवटी, ते क्षणात जळतं. हिंग आणि हळकुंड तेलात फुलवून घ्या. मिरच्या चमचाभर तेलात मंद आचेवर फक्त परता. रंग बदलायला लागला म्हणजे उशीर झाला. सगळं एकत्र भाजलं की एक जळतं, दुसरं कच्चं राहतं, आणि नंतर दोष कशाचा ते शोधता येत नाही.

सगळं पूर्ण गार होऊ द्या. पाव किलोला डंक मिळणार नाही, मिक्सर वापरावा लागेल. तो थांबून थांबून फिरवा. भांडं तापलं की रंग आणि वास दोन्ही उतरतात. आधी मिरची-मीठ-हळद, मग खडा मसाला, मग खोबरं-तीळ-खसखस, शेवटी कांदा, लसूण, आलं. ही शेवटची ओली जिन्नस घातल्यावर चटणी गोळा होईल. ती परातीत काढून हाताने मोकळी करा. साधारण 650 ते 700 ग्रॅम भरते. कोरड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. वर्षाची चटणी करताना मात्र डंकावरच जा. कुटलेल्या चटणीचा भरडपणा आणि तिला सुटणारं तेल मिक्सरला येत नाही.

तांबडा रस्सा, एक किलो मटणाचा

हाडासकट मटण धुऊन त्याला दोन लहान चमचे मीठ, पाव चमचा हळद आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण लावून अर्धा तास ठेवा. पातेल्यात दोन मोठे चमचे तेलावर एक चिरलेला कांदा परता, मटण घाला आणि आठ-दहा मिनिटं त्याचं स्वतःचं पाणी सुटेपर्यंत हलवा. झाकणावर पाणी ठेवून शिजवा आणि तेच गरम झालेलं पाणी आत घालत राहा. असं सव्वादोन लिटरपर्यंत पाणी जातं. मंद आचेवर तासाभरात मटण शिजतं. जून असेल तर सव्वा-दीड तास. कुकरला वेळ वाचतो, पण अळणीला, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्याला, तसा गोडवा येत नाही. आठवणीचा पदार्थ करताना तरी कुकर बाजूला ठेवावा.

अळणी गाळून ठेवा. साधारण 1800 मिली निघेल. त्यातली 600 मिली पांढऱ्याला, उरलेली तांबड्याला. पांढरा करायचा असेल तर हळद आणखी कमी करा, नाहीतर तो पिवळा दिसतो.

वाटण: दोन कांदे भाजून, सुकं खोबरं 50 ग्रॅम भाजून, तीळ, खसखस आणि धणे प्रत्येकी एक मोठा चमचा, जिरे एक लहान चमचा, लवंगा 4, मिरी 6, दालचिनीचा बोटभर तुकडा, लसूण 8-10 पाकळ्या, मूठभर कोथिंबीर. अगदी मऊ वाटा. पाटा असेल तर एकदा तरी पाट्यावर वाटून बघा.

जाड बुडाच्या पातेल्यात 75 मिली शेंगतेल तापवा. घरात आता सूर्यफुलाचं तेल येत असेल तरी या दिवसापुरतं शेंगतेल आणा. चव जुळत नाही त्याचं सर्वांत मोठं कारण हेच निघतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. वाटण मध्यम आचेवर दहा मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. आता गॅस अगदी बारीक करा, तीन मोठे चमचे चटणी घाला, अर्धा मिनिट हलवा आणि लगेच वाटीभर गरम अळणी ओता. चटणी तेलात जास्त वेळ राहिली तर काळी पडते. अळणी गार असेल तर तेल आत अडकतं आणि कट वर येत नाही. उरलेली अळणी आणि हवं तेवढं मटण घालून, झाकण न लावता बारा-पंधरा मिनिटं मंद उकळा. मीठ आता चाखा, कारण चटणीत मीठ आहेच. खाली उतरून दहा मिनिटं तसाच राहू द्या, कट तेव्हा वर जमतो.

पांढऱ्यासाठी दोन चमचे भिजवलेली खसखस, एक चमचा पांढरे तीळ आणि 8 काजू मऊ वाटून, तुपात लवंग-वेलदोडा-दालचिनी आणि दोन हिरव्या मिरच्यांच्या फोडणीवर परता. अळणी घालून उकळी आणा, आच कमी करा आणि एका नारळाचं दाट दूध सर्वांत शेवटी घाला. वाफ दिसली की बंद. नंतर उकळी फुटली की तो फाटतो, आणि फाटलेला परत जुळत नाही.

पहिल्या खेपेला काही चुकलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी तेल, मग चटणी, मग वाटणाचा भाजलेपणा. तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

मटणाशिवाय

कित्येकांची खरी आवड साधीच असते. खर्ड्याला 12 हिरव्या मिरच्या आणि तेवढ्याच लसणाच्या पाकळ्या तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत भाजा, दोन मोठे चमचे शेंगदाणे आणि खडे मीठ घाला आणि तव्यावरच तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडाने रगडा. लोखंडी तवा हवा. मिक्सरमधला खर्डा पाणचट होतो.

बाहेरचं जे आवडायचं ते घरी करू नका. ठरलेल्या ठिकाणची मिसळ, खासबागेतली भेळ, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं समोर काढलेलं म्हशीचं दूध, यातली चव त्या जागेची असते. शक्य असेल तर नातवंडांना घेऊन तिथेच जावं. घरी आणायचं झालं तर कट आणि फरसाण वेगळं बांधून घ्या.

दिवस आणि पंगत

आपल्याकडे रक्षाविसर्जनाला नैवेद्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात, मग तो चहाचा कप का असेना. तिथे जे आठवून ठेवलं जातं त्याची यादी तेव्हाच कुणीतरी लिहून घ्यावी. पुढे तीच उपयोगी पडते.

पितृपक्षात आणि श्रावणात बऱ्याच घरांत मटण चालत नाही. म्हाळाला खीर, वडे, भाज्यांचा स्वयंपाक होतो. त्या पानात मटण खाणाऱ्याच्या आवडीचं काही ठेवायचं तर शेंगदाण्याची आमटी, खर्डा, भजी असं निवडता येतं. रश्श्यासाठी वेगळा रविवार किंवा आषाढातली त्र्यंबोली यात्रा धरा. तेव्हा घर तसंही जमलेलं असतं. चाल काय आहे ते घरच्या थोरल्यांना आधी विचारा. या दिवशी वाद नको.

पंगत लहान ठेवा, आठ-दहा माणसांची. पन्नास जणांचा रस्सा आचाऱ्याचा होतो. वाढायचा क्रम त्यांच्या सवयीचा ठेवा. कांदा ते फोडायचे तसा फोडा. लहान मुलांसाठी तिखट कमी करायचं तर वाटीत अळणी घालून पातळ करा, मूळ पातेल्याला हात लावू नका. कुणाचा डोळ्यांना पदर गेला तर जेवण थांबवू नका आणि विषयही बदलू नका.

लिहून ठेवताना

एका पानावर एकच पदार्थ. पदार्थाखाली त्यांचं नाव, भांड्यांची मापं मिलीत, वजनं ग्रॅममध्ये, तेल कुठलं, मिरची कुठून आणली, चटणी किती महिन्यांची होती, कुणी चाखलं आणि काय म्हणाले. "जमलं नाही, मेथी जास्त" असलं वाक्यही खोडू नका. पान मोबाईलवर टिपून सगळ्या भावंडांना पाठवा, आणि एक प्रत डंकवाल्याकडे जाणाऱ्या पिशवीत ठेवा. फाल्गुनात नवी मिरची आली की प्रमाण त्या पानावरून काढा, किलोला चौपट धरून. कुटून झाल्यावर लगेच त्यातली 50 ग्रॅम चटणी फ्रीजरमधल्या जुन्या बाटलीशेजारी तारीख घालून ठेवा.